वन्संची गाडी किंचाळते तेव्हा

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, तरी लग्नात जे ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’ तोंडात बसलं ते बसलं. त्यांनी लग्न केलं नाही. का, ते विचारायची आमच्या घरात पद्धत होती; उत्तर द्यायची त्यांची नव्हती. तरुणपणी एका कचेरीत टायपिंग करायच्या. तिथल्या साहेबांचा ड्रायव्हर एकदा आजारी पडला तेव्हा ‘मी नेते’ म्हणून किल्ली उचलली, आणि पुन्हा काही टाइपरायटरकडे फिरकल्या नाहीत. तेव्हापासून गाडी चालवायला शिकवतात. सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या त्यांच्या, वरचा मजला आमचा. पुढच्या खोलीत टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, खिडकीत एक खेळण्यातली मोटार, जिच्यावर त्या गाडी मागे कशी घ्यायची ते समजावतात. बाहेर खरी गाडी. एकच. शाळा म्हणजे ती गाडी आणि त्या.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, हे गाडी न शिकलेल्यांना माहीत नसतं. तो तारेनं खऱ्या ब्रेकला जोडलेला असतो. शिकणारा गडबडला की शिकवणाऱ्यानं तो दाबायचा. वन्संचा सगळा लौकिक या ब्रेकवर, म्हणजे तो न दाबण्यावर होता. तास संपला की त्या एक आकडा सांगायच्या. ‘आज सहा.’ म्हणजे आज सहा वेळा मला पाय लावावा लागला. कौतुक नाही, बोलणी नाहीत, नुसता आकडा. शून्य यायला लागलं की परीक्षेला जायचं; त्याआधी पाया पडलात तरी नाही. आमच्या गल्लीत बायका एकमेकींना दुकानात विचारायच्या, ‘काय गं, कितीवर आलीस?’ एक बँकेतल्या मॅनेजरीणबाई ‘दोन’ ऐकून स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलेल्या मी गॅलरीतून पाहिल्यात. आणि शून्य मिळालेली बाई गाडीतून उतरायची ती अशी, की जणू गल्ली तिच्या नावावर झाली.

जुनी गाडी थकली म्हणून वन्संनी नवी घेतली. शोरूममधली, कोरी. दुसरा ब्रेक त्यांच्या नेहमीच्या फिटरकडून बसवून घेतला. पहिले काही महिने सगळं सुरळीत होतं. मग एक दिवस मी गॅलरीत पेपर वाचत होते तर कोपऱ्यावरून असा आवाज आला, की कुणी पत्र्यावर खिळा ओढतंय. पाठोपाठ वन्संची गाडी वळून आली.

‘वन्सं, हे काय?’ मी वरून ओरडले.

‘काही नाही. धूळ बसली असेल ब्रेकवर,’ त्या खालून म्हणाल्या.

धूळ नव्हती. आवाज वाढत गेला. गाडी हळू झाली, चौकाजवळ आली, वळायला लागली की किंचाळायची. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याला तर विषयच मिळाला. ‘बाई, हॉर्नचा खर्च वाचला बघा तुमचा!’ वन्सं एरवी त्याला दुप्पट ऐकवतात. त्या दिवशी खाली मान घालून दाराचं कुलूप काढत राहिल्या. मला तेव्हाच वाटलं, हे साधं नाही.

गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेली. तिथे एक सल्लागार असतो. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम त्याचं, गाडीला हात लावायचं दुसऱ्याचं. गळ्यात टाय, कानात यंत्र, बोलणं लोण्यासारखं. वन्सं त्याला ‘टायवाला’ म्हणायच्या. टायवाल्यानं ऐकून घेतलं, गाडी ठेवून घेतली, आणि संध्याकाळी म्हणाला, ‘मॅडम, आमच्या माणसानं चालवून बघितली. आवाज काही आला नाही.’

‘येतो.’

‘येत असेल. पण आला नाही.’

आता या दोन वाक्यांवर माणूस किती वेळा भांडू शकतो? वन्सं भांडल्या. गाडी पुन्हा नेली, पुन्हा आणली. मी त्यांच्यासोबत जायला लागले, कारण एकटं बसून माणूस नको ते विचार करतो. काचेच्या भिंतीमागची ती थंडगार खोली मला पाठ झाली. न बोलता चाललेला टीव्ही, नाणी न घेता गरम पाणी देणारं यंत्र, आणि समोर तीच ती गुळगुळीत मासिकं, ज्यांत सगळ्या गाड्या डोंगरावर एकट्या उभ्या असतात. काचेतून आमची गाडी वर उचललेली दिसायची. चारी चाकं लोंबकळलेली. वन्सं तिच्याकडे अशा बघत, की ऑपरेशनला आत नेलंय कुणाला.

एकदा ब्रेकचे पॅड बदलले. दोन दिवस शांतता, मग पुन्हा तेच. एकदा ब्रेकच्या चकत्या घासून दिल्या. तेच. एकदा टायवाला जरा कपाळाला आठी घालून म्हणाला, ‘मॅडम, तुमचे पॅड फार लवकर झिजतायत. एवढ्या लवकर कुणाचेच झिजत नाहीत.’

‘मग तेच तर सांगतेय मी!’

‘तुमच्याकडे शिकाऊ लोक चालवतात ना. घाबरत घाबरत, अर्धवट ब्रेक दाबतात. हलक्या दाबाला पॅड ओरडतो, मॅडम. पक्का दाबला की नाही ओरडत. आमचा माणूस पक्का दाबतो, म्हणून त्याला ऐकू येत नाही. तुम्ही स्वतः चालवता तेव्हा येतो का?’

 वन्सं स्वतः चालवत तेव्हा गाडी चकार शब्द काढत नसे. आम्ही दोघी त्या गाडीतून कितीदा आलो-गेलो, कधी कुई म्हणून नाही.

‘आणि दुसरं,’ टायवाला म्हणाला, ‘ते बाहेरून बसवलेलं पेडल. ते काढून आणा. मग कंपनी जबाबदारी घेईल.’

‘पेडल काढलं तर मी शेजारी बसून काय करू? जप?’

त्याला हसू आलं, आणि हसलेलं वन्संना दिसलं. ती भेट तिथेच संपली.

इकडे शाळा गळायला लागली. ज्या गाडीचा ब्रेक ओरडतो तिच्यात आपली मुलगी कोण बसवेल? ‘बाई, तब्येत बरी नाही’, ‘बाई, सासूबाई आल्यात’, ‘बाई, पुढच्या महिन्यापासून’. लोक तोंडावर खरं बोलत नाहीत, हा एक आजारच आहे. एक जण तेवढी स्पष्ट निघाली. म्हणाली, ‘बाई, मला लाज वाटते हो. सगळी गल्ली वळून बघते.’ आणि ती पलीकडच्या चौकातल्या दुसऱ्या शाळेत गेली. वन्संनी तिला शुभेच्छा दिल्या, आत जाऊन भांडी घासली, जी घासलेलीच होती.

त्यांना आता सगळीकडे तोच आवाज ऐकू यायचा. माझ्या स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी वाजली तरी ताडकन उठायच्या. जेवताना बोलणं एकच. टायवाला काय म्हणाला, आपण काय म्हणायला हवं होतं. आमचे हे, म्हणजे त्यांचे भाऊ, एकदा म्हणाले, ‘अगं, बंद कर शाळा. वय झालं. आराम कर.’ वन्संनी ताटावरून हात उचलला. ‘दादा, आराम म्हणजे काय करायचं असतं ते एकदा लिहून दे,’ म्हणाल्या, आणि खाली निघून गेल्या. मी यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी आमटी वाढून न घेताच जेवण संपवलं.

उरलेल्या शिष्यांमध्ये एक नर्स होती. बारीकशी, सावळी, कमी बोलणारी. हॉस्पिटलकडून घरोघरी जाऊन म्हाताऱ्या रुग्णांची मलमपट्टी करायचं काम तिला मिळणार होतं. अट एकच, गाडी चालवता आली पाहिजे. ती रात्रपाळी संपवून लाल डोळ्यांनी यायची, पण कधी चुकली नाही. तिला शून्य यायला लागलं होतं. परीक्षेची तारीखही ठरली होती.

एका सकाळी मीही त्यांच्याबरोबर निघाले. मला बाजारात सोडणार होत्या. मी मागे, नर्स चालवायला, वन्सं शेजारी. चौकाआधी गाडी किंचाळली.

‘ब्रेक नीट दाब!’ वन्सं कडाडल्या. ‘चाचपडतेस काय? दाबायचा तर दाब!’

‘बाई, मी पाय लावलाच नव्हता,’ ती हळूच म्हणाली.

‘खोटं बोलू नकोस. गाडी आपोआप ओरडते?’

 आरशात मला मुलीचे डोळे दिसले. ते खोटं बोलणाऱ्याचे नव्हते. मी बोलायला हवं होतं असं वाटलं, पण तेवढ्यात बाजार आला आणि वन्सं म्हणाल्या, ‘वहिनी, उतरा, इथे थांबता येत नाही.’

त्याच दुपारी वन्सं माझ्याकडे वर आल्या. चेहरा उतरलेला. ‘आता एकच करते,’ म्हणाल्या. ‘त्या टायवाल्याला गाडीत बसवते. शिकणारीला चालवू देते. त्याच्या कानांनी ऐकू दे. तरी नाही म्हणाला तर तिथेच किल्ली ठेवून चालत घरी येते. मला नको ती गाडी.’  वन्संचा आवाज कापलेला मी त्यांचे वडील गेले तेव्हाही ऐकला नव्हता.

टायवाला आधी नको-नको म्हणाला. मग काचेच्या खोलीत बसलेली सगळी गिऱ्हाइकं आमच्याकडे बघायला लागली तेव्हा तयार झाला. नर्स चालवायला, वन्सं शेजारी, मागे टायवाला आणि मी. त्याच्या गुडघ्यांना जागा पुरेना. मी सरकले नाही. कुठलं चाक ओरडतं ते कळावं म्हणून त्यांचा चाचणीचा ड्रायव्हर दुसऱ्या गाडीतून मागे मागे आला.

गेटाबाहेर पडलो, उताराला लागलो, आणि गाडीनं असा टाहो फोडला, की टायवाल्यानं कानातलं यंत्र काढलं. वन्सं अर्ध्या वळल्या. किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर रंग आला होता.

‘ऐकलंत? आलाय का आता आवाज? का अजून नाही आला?’

‘आला, मॅडम. आला,’ तो म्हणाला. बिचारा खरंच चकित झाला होता.

मोठ्या रस्त्यावरच्या सबंध फेरीभर वन्सं बोलत होत्या. प्रत्येक किंचाळीला ‘हा घ्या! हा घ्या!’ गाडी परत आवारात आली. नर्सनं ती रेषेत उभी केली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. मागची गाडीही आली. तो ड्रायव्हर उतरून वन्संच्या खिडकीशी वाकला.

‘चाक काही नक्की कळलं नाही साहेब,’ तो मागे टायवाल्याला म्हणाला. ‘पण यांच्या ब्रेकचा लाइट सारखा लागलेला होता. सबंध रस्ता. चढावर पण.’ आणि थोडं थांबून, ‘आत्तापण लागलाय.’

नर्सनं दोन्ही पाय उचलून मागे घेतले. सीटखाली. आम्हाला दिसावेत असे. 

मग आम्ही सगळ्यांनीच खाली बघितलं. मी सीटच्या मधून वाकून बघितलं. वन्संची चप्पल त्यांच्या पेडलवर होती. इंजिन बंद, गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, आणि पाय दाबलेला. अंगठा पांढरा पडला होता.

वन्संनीही बघितलं. दुसऱ्याच कुणाचा पाय बघावा तसा. काढला मात्र लगेच नाही. काढता आला नसावा. त्यांनी हातानं गुडघा धरून तो बाजूला केला.

मी टायवाल्याकडे बघितलं, तो हसतोय का म्हणून. हसला असता तर मी काय केलं असतं सांगत नाही. पण तो बाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होता. मग म्हणाला, ‘नवे पॅड घालून देतो, मॅडम. तक्रार... तक्रार मी बंद करतो.’

घरी येताना वन्संनी चालवली. आवाज नाही. त्या शांततेत बसवेना.

त्या संध्याकाळी मी चहा घेऊन खाली गेले. दिवा लावला नव्हता. खेळण्यातली मोटार हातात घेऊन बसल्या होत्या.

‘तो सायकलवाला आठवतोय?’ त्यांनी विचारलं.

आठवत होता. आवाज सुरू व्हायच्या थोडं आधी त्यांनी जेवताना गंमत म्हणून सांगितलं होतं. बोळातून सायकलवाला अचानक आडवा आला, शिकणारी हात सोडून डोळे मिटून बसली, वन्संनी ब्रेक दाबला, आणि तो शिव्या देत निघून गेला. आम्ही सगळे हसलो होतो. वन्संनी शिव्यांची नक्कलही केली होती.

‘तेव्हा माझा पाय उशिरा पोचला, वहिनी.’

‘पण थांबली ना गाडी?’

‘त्यानं सायकल वळवली म्हणून वाचला. मी थांबवली नाही. मला तो दिसला होता. डोळ्यांना दिसला, मनानं दाब म्हटलं, आणि पाय तिथेच. जरासा वेळ. पण तेवढा वेळ पुरतो.’ त्यांनी मोटार खिडकीत ठेवली, पुन्हा उचलली. ‘नंतर मी ठरवून काही केलं नाही. पण पाय आधीच तिथे असला तर उशीर होणार नाही, असं त्या पायालाच वाटलं असेल.’

मी म्हटलं, ‘अहो, वय होतं माणसाचं. डॉक्टरला दाखवू.’

‘ते दाखवू. ते सोडा. मी आकडे काय दिले या दिवसांत?’ त्या एकदम ओरडल्या. ‘शून्य! शून्य, शून्य! माझा पाय सबंध वेळ खाली आणि मी पोरींना शून्य देत होते. त्यांची गाडी मीच हळू करत होते. त्यांना वाटलं, आपल्याला येतं. पास झाल्या त्या. एकट्या चालवतायत. त्यांना ब्रेक येतो का नाही, हे मला माहीत नाही, वहिनी. कुणालाच माहीत नाही!’

चहा तसाच राहिला. असल्या वेळी धीर द्यायचा असतो म्हणतात. मी दिला नाही, कारण बाई खरं बोलत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नर्सला बोलावलं. दारातच म्हणाल्या, ‘त्या दिवशी खोटं तू बोलली नव्हतीस. मी बोलले होते. तुझी सगळी शून्यं रद्द. चल, पुन्हा बघू.’

मुलगी घाबरली. ‘बाई, परीक्षा परवा आहे.’

‘म्हणूनच.’

मला मागे बसवलं. वन्सं शेजारच्या सीटवर बसल्या, चपला काढून मागे माझ्या पायाशी टाकल्या, आणि सीटवर चक्क मांडी घातली, गच्च. दोन्ही हातांनी पावलं धरून ठेवली. ‘आज मी नाहीये, असं समज,’ म्हणाल्या. ‘जिकडे गर्दी तिकडे ने.’

बाजार, शाळा सुटलेली, बसथांबा. नवे पॅड, गाडीतून आवाज म्हणून नाही. फक्त वन्संचा श्वास ऐकू येत होता. त्यांची बोटं पावलांत रुतली होती. लाँड्रीवाला हात वर करून काहीतरी विनोद ओरडला. कुणी ऐकला नाही.

पुढे एका गोदामाच्या फाटकातून हातगाडी बाहेर आली. माणूस मागे, ढकलणारा, त्याला रस्ता दिसतच नव्हता. नर्सनं ब्रेक दाबला. पक्का, सरळ, न कचरता. गाडी जागच्या जागी थांबली. हातगाडीवाला आमच्याकडे न बघता पलीकडे गेला.

आणि मग, गाडी थांबल्यावर, वन्संची मांडी सुटली. पाय खाली आला आणि पेडलवर आदळला. ‘ठक्’ असा आवाज झाला. गाडी आधीच उभी होती.

आम्ही तिघींनी ते ऐकलं.

मागून कुणी हॉर्न वाजवला. वन्सं म्हणाल्या, ‘चल, पुढे घे.’ नर्सनं घेतली. वन्संनी पाय पुन्हा वर घेतले नाहीत, पण पेडलवरही ठेवले नाहीत. मागे सीटखाली दुमडून ठेवले. आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. इतक्या वर्षांत त्यांना चालत्या गाडीतून बाहेर बघताना मी पहिल्यांदा पाहिलं. दुकानं जात होती, झाडं जात होती. त्यातलं त्यांना काही दिसत असेल असं वाटलं नाही.

घराशी गाडी उभी राहिली. मुलगी स्टिअरिंग धरून बसून राहिली, आकड्यासाठी.

‘शून्य,’ वन्सं म्हणाल्या. ‘हे तुझं आहे.’

नर्स पास झाली. पेढे द्यायला आली तेव्हा वन्संनी भिंतीवरचा तक्ता उतरवून गुंडाळून ठेवलेला होता. नवे शिष्य घेत नाहीत. गाडी दारात उभी असते, गुपचूप.

जुन्या पोरींना मात्र त्यांनी एकेक करून बोलावलं. फोन करून सांगायच्या, ‘तुला शून्य दिलं ते खोटं होतं, येऊन पुन्हा चालवून दाखव.’ काही आल्या. मांडी घालून वन्सं बसल्या, मी मागे. बहुतेकींना येत होतं. एकीला येत नव्हतं. तिला आम्ही रोज सकाळी घेऊन जातो. एकीचा नवरा फोनवर हसला आणि म्हणाला, ‘बाई, ती तर हायवेवर चालवते!’ वन्संनी तिला पाठवायचं त्याच्याकडून वचन घेतलं, मगच फोन ठेवला.

एक सापडत नाही. दोन लेकरांची आई, लाल ओढणीवाली, फार हसायची. पास होऊन दुसऱ्या शहरात गेली. दिलेला नंबर वाजतो, कुणी उचलत नाही.

रोज संध्याकाळी मी खाली जाते. वन्सं टेबलाशी बसून नंबर लावतात आणि मला ऐकू यावं म्हणून फोन कानापासून जरा लांब धरतात. घंटी वाजत राहते. टेबलाखाली त्यांचा पाय फरशीवर दाबलेला असतो. मला सहसा गप्प बसता येत नाही. तेव्हा बसते.